विमानाची मोटार केली, तर बिघडलं काय?

संपादक महाशय, यांस
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मिशिगनमधल्या एका निवृत्त हवाई सैनिकाने जुन्या डकोटा विमानाचं रस्त्यावर धावणारं मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, बनवल्याची बातमी फोटोसकट आली होती. त्यावर वाचकांच्या पत्रव्यवहारात दोन पत्रं आली. एका वाचकाने ‘हा वीरांच्या वाहनाचा अपमान आहे’ असं ठणकावलं. दुसऱ्याने उत्साहाच्या भरात ‘आता आपली मिग-२१ लढाऊ विमानं निवृत्त झालीच आहेत, त्यांच्याही गाड्या करून पर्यटनाला लावाव्यात’ अशी सूचना केली. माझी अख्खी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, मारण्यात गेली. दोन्ही पत्रं वाचून हात शिवशिवले, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर खुशाल कापा, पण कापायचं तर माझी मतं कापा, मधला तांत्रिक भाग राहू द्या. मतं काय, गावात कुणाकडेही मिळतात.

आधी एक दुरुस्ती. फोटोखाली आपण ‘लढाऊ विमान’ असं छापलंत. डकोटा लढाऊ नव्हे, मालवाहू. डग्लस कंपनीच्या डीसी-३ या प्रवासी विमानाची ती सैनिकी आवृत्ती. अमेरिकी लष्कर त्याला सी-४७ म्हणे आणि नौदल आर-४-डी म्हणे. बातमीतलं विमान १९४३ सालचं, नौदलाकडचं. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांवर विमानं बनली. त्यात सैनिक चढले, जखमी चढले, जीपगाड्या चढल्या, खेचरंसुद्धा चढली. बंदूक मात्र त्याच्या अंगावर नव्हती. आपल्याकडे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते याच विमानातून. ‘वीरांचं वाहन’ हा शब्द त्याला शोभतो, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद पुढे आहे.

आता हे बघा की गाडी करायला त्या गृहस्थाने नेमकं हेच विमान का घेतलं असेल. स्वस्त मिळालं, मिशिगनला नेण्याजोगं होतं, ही कारणं असतीलच. पण पत्र्याचं काम केलेल्या माणसाला दुसरंच कारण आधी दिसतं. डकोटाचं धड आठ फुटांच्या आसपास रुंद आहे. अमेरिकेत मोठ्या रस्त्यांवर गाडीची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत चालते. पंख उतरवले की हे धड ट्रकच्या मापात बसतं. आणि आतून ते मोकळं आहे, माणूस मधल्या वाटेने ताठ उभा राहून चालू शकतो. युद्धाच्या आधीचं बोइंगचं ३०७ नावाचं विमान होतं, त्याचं धड साडेअकरा फुटांच्या वर. हॉवर्ड ह्यूजेस या कोट्यधीशाकडे त्यातलं एक होतं. पुढे वादळात त्याची मोडतोड झाली, तेव्हा ज्याने ते घेतलं त्याने गाडी केली नाही, फ्लोरिडात त्याची बोट केली. रस्त्यात मावेना, म्हणून पाण्यात घातलं! हसू येईल, पण विचार बरोबर होता.

लांबी मात्र डकोटाची ६४ फूट. तिकडे बहुतेक राज्यांत एका गाडीला ४० ते ४५ फुटांच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे शेपटीकडचं कापणं आलंच. आणि इथून खरं काम सुरू होतं, जे फोटोत दिसत नाही आणि बातमीत एका ओळीत उरकलं जातं: ‘धड ट्रकच्या चासीवर बसवले’. बसवले म्हणजे काय हो? कपाटावर ट्रंक ठेवली, इतकं सोपं आहे का ते?

विमानाचं धड कशावर उभं असतं ते आधी सांगतो. डकोटात पंखाचा मधला भाग धडाच्या पोटाखालून आरपार जातो. दोन्ही इंजिनं त्याला, मुख्य चाकं त्याला, बाहेरचे पंखही त्यालाच बोल्टने अडकवलेले. उडताना विमान पंखावर तरंगतं आणि धड त्या मधल्या भागावर स्वार झालेलं असतं. गाडी करताना तुम्ही हाच भाग काढून टाकता. म्हणजे वजन पेलणारं अंगच गेलं. उरलं ते कवच. कवच कसलं, तर आडव्या गोल फ्रेमा, त्यांना छेदून जाणाऱ्या लांब बारीक पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंजर, आणि वरून एक मिलीमीटरच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा पत्रा. या तिघांना रिव्हेटने एक केलं की ते कमालीचं ताठ होतं. पण ते ताठपण सगळीकडे सारख्या पसरलेल्या भारासाठी आहे. हवेत भार पसरून येतो. रस्त्यावर तो येतो खड्ड्यातून, चाकातून, स्प्रिंगमधून, चार ठिकाणी हाणल्यासारखा. चासीला धड सरळ बोल्टने आवळलंत, तर पहिल्या वर्षीच बोल्टाभोवतीचा पत्रा तडकेल. म्हणून धडाच्या आतल्या फरशीच्या बीमखाली जागोजागी रबर घालून भार आठ-दहा फ्रेमांवर वाटून द्यावा लागतो. शिवाय चासी पोलादाची, धड ॲल्युमिनियमचं. दोन धातू उघडे एकमेकांना टेकले आणि मध्ये पावसाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम आपला जीव देऊन पोलादाला वाचवतं. पांढरी भुकटी सुटते, बोट लावलं की पत्रा आरपार. त्यासाठी दोहोंत झिंक क्रोमेटचा हात, सीलंट म्हणजे फटी बुजवणारा लेप आणि पट्टी, हे सगळं आलं. तो पिवळट हिरवा प्रायमर. आमच्या कपड्यांवरचा त्याचा डाग घरच्यांनी कधी निघालेला पाहिला नाही.

त्या फोटोत खिडकीच्या खाली एका ठिकाणी रिव्हेटच्या डोक्याभोवती काळसर ओघळ दिसतो. पुरवणीच्या कागदावरही तो ओळखू येतो. आम्ही त्याला ‘स्मोकिंग रिव्हेट’ म्हणायचो. रिव्हेट सैल झाला की पत्र्यात किंचित हलतो, घासतो आणि त्या घासण्याची काळी पूड हवेच्या किंवा पाण्याच्या दिशेने वाहते. हातात टॉर्च घेऊन धडाच्या अंगावर असे ओघळ शोधत फिरणं, हे आमच्या तपासनीसाचं अर्धं काम. ऐंशी वर्षांच्या विमानात तो असणारच, त्यात त्या गृहस्थाला दोष नाही. सैल रिव्हेट ड्रिलने काढायचा, भोक मोठं झालं असेल तर पुढच्या मापाचा घालायचा. आणि पत्र्याला भेग गेली असेल तर भेगेच्या टोकावर मुद्दाम एक बारीक भोक पाडायचं. नवीन पोरांना हे सांगितलं की ती बुचकळ्यात पडत. फाटलेलं आणखी फाडायचं? पण भेगेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल भोक पाडलं की तो ताण भोकाच्या कडेने फिरून विखुरतो आणि भेग थांबते. त्यावर वरून ठिगळाचा पत्रा.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एकजण रिव्हेट ठोकायची बंदूक लावतो, आतून दुसरा लोखंडाची डॉली दाबून धरतो. बंदुकीच्या ठोक्याने रिव्हेटचं शेपूट डॉलीवर चेपतं आणि आत दुसरं डोकं तयार होतं. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात बोलणं शक्यच नसतं, तेव्हा आतला माणूस पत्र्यावर टकटक करून सांगतो. एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे जमलं, तीन म्हणजे बिघडलं, काढ. शेपटीच्या टोकात आत जायला सगळ्यात बारकुडा माणूस धाडायचे, त्यामुळे नोकरीच्या सुरुवातीला मी कायम आत. काही जातीचे रिव्हेट तर भट्टीतून काढून थंडगार पेटीत ठेवावे लागतात. बाहेर काढले की ते हळूहळू कडक व्हायला लागतात, थोडक्या वेळात मारले नाहीत तर डोकं फुटतं. त्यामुळे पेटीतून काढलेले रिव्हेट घेऊन पळत येणारा पोरगा हे आमच्याकडचं नेहमीचं दृश्य. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की कुणी विमानाच्या धडाला हात घालून ते रस्त्यावर चालतं ठेवलं असेल, तर त्याने त्या यंत्राकडे बारकाईने पाहिलं आहे. अपमान करणारा माणूस इतके कष्ट घेत नाही.

आता ‘अपमान’ या मुद्द्याकडे येतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर एकट्या ॲरिझोनातल्या किंगमनच्या तळावर पाच हजारांवर विमानं आणून उभी केली होती. इंजिनं काढली, धडाचे तुकडे केले आणि भट्टीत वितळवून ॲल्युमिनियमच्या विटा पाडल्या. जर्मनीवर बॉम्ब टाकून आलेली विमानं होती ती, कित्येकांच्या नाकावर वैमानिकांनी हौसेने चित्रं काढलेली. हा सन्मान होता का? ज्याचं मोटरहोम झालं ते विमान निदान विमान म्हणून ओळखू येतं. रस्त्यावरचं पोरगं बापाला विचारतं, हे काय आहे? विटेकडे बघून कुणी काही विचारत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. १९७१ च्या युद्धात तिने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९९७ साली ती निवृत्त झाली, बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ नंतर तिथेच तोडली गेली. त्यातलं पोलाद बजाज कंपनीने घेतलं आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटरसायकल काढली. टाकीवर विक्रांतचा धातू असल्याची खूण. माझ्या पुतण्याने घेतली, अजून चालवतो. तेव्हा एकाही वाचकाने ‘अपमान’ हा शब्द काढल्याचं मला आठवत नाही. मला विचाराल तर विक्रांतचं काहीतरी उरलं याचा आनंदच आहे, पण वितळवलेल्या पोलादात विक्रांत कुठे शोधायची? ते नावाला नमस्कार करण्यासारखं झालं. धड तसंच ठेवून त्याला चाकं लावणं त्याहून कितीतरी अवघड, आणि माझ्या मते कितीतरी प्रामाणिक.

भंगारातून विमान उठवण्यात आपलं घराणं तर फार मोठं आहे. युद्ध संपल्यावर बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं कानपूरला सोडून दिलेली होती. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती डागडुजी करून आधी तिथून बंगळूरला उडवत नेली, मग नीट दुरुस्त केली. अशी चाळीसवर विमानं आपल्या हवाई दलात आली आणि १९६८ पर्यंत उडाली. आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात, त्यातली काही आपल्याकडून गेलेली आहेत. ज्यांनी ती बनवली त्यांनी आपली बहुतेक सगळी वितळवली, आणि आपण भंगारातून उचललेली त्यांना जपून ठेवायला मिळाली. आमच्या जुन्या फोरमननी ही गोष्ट आम्हाला जेवणाच्या सुट्टीत सांगितली होती. ते स्वतः बंगळूरहून ओझरला बदलून आलेले.

दुसऱ्या पत्राचं, म्हणजे मिग-२१ च्या गाड्या करण्याच्या सूचनेचं उत्तर आता देतो. भाऊसाहेब, मिगची गाडी होणार नाही. मिग-२१ आतून भरल्या वांग्यासारखं आहे, जागाच नाही. नाकातून हवा आत शिरते, तिचे दोन फाटे होतात, कॉकपिटच्या डाव्या-उजव्या अंगाने जातात आणि मागे पुन्हा एक होऊन इंजिनात जातात. वैमानिक अक्षरशः दोन नळ्यांच्या मध्ये बसतो. त्याच्या मागे इंधनाच्या टाक्या, त्याच्या मागे इंजिन, आणि उरलेल्या फटीत नळ्या, तारा, दट्टे. धड इतकं अरुंद की आम्ही आत हात घालायचो तो कोपरापर्यंत, आणि बाहेर काढायचो तो खरचटून. इंजिन काढायचं तर सबंध मागचा भाग बोल्ट सोडून मागे ओढून घ्यावा लागे. त्यात पर्यटक कुठे बसवणार? एकजण कॉकपिटमध्ये आणि बाकीचे पाठीवर? लांबी म्हणाल तर नाकावरची नळी सोडूनही चौदा मीटरच्या आसपास. आपल्या नियमात अशा साध्या गाडीला साधारण १२ मीटरची मर्यादा.

जेट लढाऊ विमानाच्या धडाची मोटार झालेली आहे, नाही असं नाही. अमेरिकेत स्टारफायटर जातीच्या एफ-१०४ विमानाचं भंगारातलं धड घेऊन ‘नॉर्थ अमेरिकन ईगल’ नावाची वेगाची गाडी बनवली होती. पंख काढले, जेट इंजिन बसवलं, खाली ॲल्युमिनियमची भरीव चाकं लावली. रबरी टायर त्या वेगाला फुटले असते. २७ ऑगस्ट २०१९ रोजी ओरेगन राज्यातल्या आल्वर्डच्या वाळवंटात जेसी कॉम्ब्स ही चालक ती गाडी पळवताना अपघातात मरण पावली. पुढचं चाक निकामी झालं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. त्याच दिवशीचा तिचा वेग ताशी ८४१ किलोमीटर म्हणून गिनीजने नंतर महिलांचा जागतिक विक्रम नोंदवला. फार धाडसी बाई. पण ती रस्त्यावरची गाडी नव्हती आणि तसा तिचा कुणी दावाही केला नव्हता. कोरड्या सपाट तळ्यांवर असले खेळ अमेरिकनांनी युद्ध संपल्या संपल्याच सुरू केले. बिल बर्क नावाच्या गड्याने १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायची जादा इंधनाची टाकी घेतली आणि तिचीच गाडी केली. टाकी आधीच हवेला कापत जाणाऱ्या थेंबाच्या आकाराची, आणि युद्धानंतर कवडीमोलाने मिळणारी. विमानाचा कुठला तुकडा गाडीला शोभेल, हे ओळखणं ही खरी अक्कल. बर्कने टाकी निवडली, मिशिगनच्या गृहस्थाने मालवाहू धड. मिगचं धड निवडणं म्हणजे फोटोसाठी केलेला हट्ट.

एक जाता जाता. जर्मनीतली मेसरश्मिट कंपनीची तीन चाकी, काचेच्या झाकणाची छोटी मोटार अनेकांनी चित्रात पाहिली असेल. ‘उरलेल्या लढाऊ विमानांची झाकणं वापरून ती बनवली’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नाही. युद्धानंतर कंपनीला विमानं बनवायला बंदी होती, फ्रिट्झ फेंड नावाच्या अभियंत्याचा आराखडा तिच्याकडे आला आणि १९५३ पासून ती गाडी नव्याने बनू लागली. झाकणसुद्धा नवंच. विमान कारखान्यातल्या माणसांचा हात मात्र त्यात दिसतो.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण आपल्याकडची पोरं असं काही वाचलं की ग्राइंडर काढतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचे नोंदणीच्या दाखल्यातले, कंपनीने दिलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. सीएनजी किट, परवानगीने इंजिन बदलणं, अपंगांसाठी केलेली सोय, असे थोडे अपवाद आहेत. विमान त्यात नाही. उत्तर प्रदेशात दोघा भावांनी व्हॅगन-आरचं हेलिकॉप्टर केलं, लग्नाच्या वरातीसाठी. २०२४ मध्ये ते रंगवायला नेत असताना पोलिसांनी पकडलं. आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावी लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी भंगारातून चारचाकी बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. कौतुक झालं, पण ती गाडी कायद्यात बसत नाही हे महिंद्रांनीही तेव्हाच सांगून टाकलं होतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत घरी बांधलेली गाडी तपासून तिला नंबर द्यायची सोय आहे. आपल्याकडे तशी सोय असावी का? माझं मत, असावी, पण आधी आपले रस्ते आणि आपली तपासणी त्या लायकीची होऊ द्या. पासिंगला उभ्या असलेल्या ट्रकचे ब्रेक न बघता शिक्का मारणाऱ्या हातात मला विमान द्यायचं नाही.

मग आपल्या मिगांचं करायचं काय? २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली. त्यातली कितीतरी धडं आमच्या ओझरच्या शेडमधून बाहेर पडलेली. १९६४ साली कारखान्याचा हा विभाग त्यांच्यासाठीच उभा राहिला. निरोपाचा कार्यक्रम टीव्हीवर बघताना घरातली सगळी गप्प होती, मी मात्र पंखाच्या सांध्याकडे बघत होतो. आता आधीच्या मिगांसारखी यांचीही रवानगी चौकाचौकांत होणार. एका शहरात अशी मिग गेली कित्येक वर्षं चौथऱ्यावर आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दर स्वातंत्र्यदिनाआधी तिला ऑइलपेंटचा हात मारतात, खरवडल्याशिवाय, प्रायमरशिवाय. तो पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. विमानाच्या पोटाला ओळीने बारीक भोकं असतात, आत साचलेलं पाणी निथळायला. रंगाऱ्याने तीही बुजवली. म्हणजे पाणी आत कोंडतं आणि फ्रेमा आतून कुजतात. चौथऱ्याची पकड पोलादाची, मध्ये रबर नाही, सीलंट नाही. तिथे ती पांढरी भुकटी मी डोळ्यांनी पाहिली आहे. नाकात पारव्यांचं कुटुंब. संबंधित कार्यालयाला मी सविस्तर पत्र दिलं होतं, कुठली भोकं उघडायची त्याच्या आकृतीसकट. पोच मिळाली, शिक्क्यासह. पुढे काही नाही. अपमान बघायचा असेल तर त्या वाचकाने तिथे जाऊन बघावा. मिशिगनला कशाला जायला हवं?

माझी सूचना अशी की काही धडं चौकाऐवजी आयटीआय आणि तंत्रनिकेतनांना द्यावीत. मात्र नुसती आवारात उभी करून तिथे झेंडावंदन करायला नव्हे, उघडायला. मुलांनी रिव्हेट काढावेत, पत्रा उतरवावा, भेगा शोधाव्यात, ठिगळं लावावीत, परत बसवावं. हौस असेल तर एखाद्या जुन्या ट्रकच्या चासीवर चढवून आवारातल्या आवारात फिरवावं. गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नसेल तर पासिंगचा प्रश्न येत नाही. मिगमध्ये माणसं बसायची नसतात, पण शिकायला ते उत्तम. जे भरलेलं असतं त्यातच हात घालायला शिकतात. एखादं जुनं मालवाहू धड मिळालं तर दुधात साखर.

देण्याआधी मात्र काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटक काडतुसं निघाली असल्याचा लेखी दाखला हवा. कॉकपिटच्या झाकणाचीही. जुन्या काळच्या विमानांत अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असे, तशा तबकड्या मुलांच्या हाती पडता कामा नयेत. डकोटाच्या पिढीच्या विमानाला हात घालणाऱ्याने हे पहिलं बघावं. आणि मॅग्नेशियमचे भाग, विशेषतः चाकं, यांच्यावर ग्राइंडर चालवायचा नाही. एकदा पेटलं की ते पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. कोरडी वाळू जवळ हवी. प्रायमरची पूड नाकात जाऊ द्यायची नाही, क्रोमेट विषारी आहे. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, तोंडाला रुमाल बांधायचो तो धुळीसाठी.

हत्यारं फारशी लागत नाहीत. कंप्रेसर, रिव्हेट गन, दोन-तीन आकारांच्या डॉल्या, चांगली ड्रिलं आणि पत्रे तात्पुरते धरून ठेवायला मूठभर क्लेको. यातलं निम्मं कुठल्याही बऱ्या आयटीआयत पडून असतं. शिकवणारे तेवढे लवकर शोधा. आमच्या वेळचे काहीजण अजून ओझर, पिंपळगाव, नाशिकमध्ये आहेत. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पण टकटक अजून समजते. कुणा प्राचार्यांना खरंच रस असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. मानधन नको, जाण्या-येण्याचं बघावं आणि दुपारी दोनच्या आत मोकळं करावं, नातीला शाळेतून मलाच आणावं लागतं.

आपला,
एक निवृत्त शीट मेटल फिटर
ओझर, ता. निफाड, जि. नाशिक